एक आयर्न, दोन कामं: ई-सायकलच्या कनेक्टरवर अडलेली खरेदी

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारा, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा. नाव-गाव मुद्दाम वगळलं आहे. त्याला इथे विद्यार्थी एवढंच म्हणू. त्याच्याकडे शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी घेतलेला २५ वॅटचा साधा सोल्डरिंग आयर्न होता, म्हणजे सोल्डर (कथील-शिशाची तार) वितळवून वायरी जोडायचं तापतं हत्यार. दोन पिनांचा प्लग, टोकदार बिट (आयर्नचं पुढचं तापणारं टोक), तापमान बदलायची सोय नाही. झिरो पीसीबीवर (सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीवर) ईएसपी-३२ हे छोटं कंट्रोलर बोर्ड आणि मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर जोडणं, इअरफोनची वायर लावणं, इतपत कामं त्यावर नीट चालली होती.

मग घरच्या जुन्या सायकलला मोटरचं किट बसवायचं ठरलं. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी, २५० वॅटची मोटर, जास्तीत जास्त १४ अँपिअर घेणारा कंट्रोलर. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामध्ये पिवळा एक्सटी-६० कनेक्टर, आणि त्याला जोडायची १२ गेजची सिलिकॉन वायर, म्हणजे सुमारे ३.३ चौरस मिलिमीटर तांबं. शिवाय घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला सहा स्क्वेअरची (सहा चौरस मिलिमीटरची) नवी केबल टाकायची होती आणि तिच्या टोकांचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं होतं.

गेजबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकू. आपल्याकडे वाइंडिंगवाला १२ गेज म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ब्रिटिश गेज असतो, ज्याची वायर साधारण ५.५ चौरस मिलिमीटर भरते. सिलिकॉन वायरवर छापलेला १२ गेज अमेरिकन असतो, ३.३ चौरस मिलिमीटरचा. दुकानात चौरस मिलिमीटरमध्येच विचारावं.

अडचण

कनेक्टर लावला, सायकल चालली. तिसऱ्या दिवशी चढावर मोटर मधूनच बंद पडायला लागली. उतरून पाहिलं तर कनेक्टरला हात लावता येईना. एका बाजूची पिन पिवळ्या नायलॉनमध्ये किंचित कललेली होती, आणि जॉइंटवर गुळगुळीत चकाकणाऱ्या सोल्डरऐवजी राखाडी, रवाळ गोळा बसलेला होता. वायरचं काळं-लाल आवरण टिकलं होतं, कारण सिलिकॉन उष्णता सोसतं. तिथे साधी पीव्हीसी असती तर आवरण मागे सरकून तांबं उघडं पडलं असतं.

जोडताना काय झालं होतं, हे विद्यार्थ्याला आठवत होतं. एकेका पिनेवर त्याने बिट चाळीस-पन्नास सेकंद धरून ठेवला होता. सोल्डर वितळत होतं, पण वायरवर पसरत नव्हतं. त्याने आणखी सोल्डर घातलं. आणखी थांबला. शेवटी गोळा जमला आणि काम झालं असं वाटलं.

त्याचा निष्कर्ष सरळ होता: आयर्न कमी वॅटचा आहे, १०० वॅटचा घ्यावा. बजेट १,५०० रुपये, त्यात सोल्डर आणि नवा कनेक्टरही बसायला हवा. पण त्याच आयर्नने ईएसपी-३२चे पायही जोडायचे होते. एकाच खरेदीत ही दोन कामं बसवायची कशी, हा या प्रकरणाचा प्रश्न.

मोजून पाहिल्यावर

खरेदीआधी पॉलिटेक्निकच्या लॅबमधल्या एका सरांनी त्याला तीन गोष्टी मोजायला लावल्या. पुढचा सगळा निर्णय या तीन आकड्यांवर उभा आहे.

पहिलं, जॉइंट किती वाईट आहे. गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॅटचे तीन १२ व्होल्टचे बल्ब एकापुढे एक जोडून बॅटरीवर लावले. साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, तोही सायकल न हलवता. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून कनेक्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वायरीत सुया टोचल्या, तेव्हा एका ध्रुवावर ८० मिलिव्होल्ट पडताना दिसले. म्हणजे जवळपास १८ मिलिओहम. प्रवाह १४ अँपिअर झाला की तेवढ्याशा प्लास्टिकमध्ये साडेतीन वॅट उष्णता तयार होते. हात भाजणारच.

दुसरं, घरातलं व्होल्टेज. सोल्डरिंग संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला झालं होतं. त्या वेळी मीटरने १९० व्होल्ट दाखवले. सकाळी दहाला २३१. साध्या आयर्नची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १९० ला २३० ने भागून वर्ग केला की ०.६८ येतो. म्हणजे संध्याकाळी हातातला २५ वॅटचा आयर्न प्रत्यक्षात १७ वॅटचा होता. खेडेगावात आयर्न निवडताना हा आकडा वेष्टनावरच्या वॅटइतकाच धरला पाहिजे, आणि तो नेमका कुणी धरत नाही.

तिसरं, सोल्डर. बाजारातून आणलेल्या छोट्या रिळावर कथील-शिशाचं प्रमाणच छापलेलं नव्हतं. थोडं वितळवून फरशीच्या तुकड्यावर टाकलं आणि निवताना पाहिलं. ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १८३ ते १९० अंशांच्या पट्ट्यातच घट्ट होतं, त्यामुळे चकाकणारा थेंब पाहता पाहता गोठतो. हा थेंब मात्र कितीतरी वेळ ओल्या वाळूसारखा राहिला, आणि गोठला तेव्हा वर रवाळ साय आली. कथील कमी असल्याची ही खूण. ४०/६० सोल्डर पूर्ण पातळ व्हायला २३८ अंशांच्या आसपास लागतात, आणि १८३ पासून तिथपर्यंत ते लापशीसारखं असतं. या लापशीत वायर जराशी जरी हलली, तरी जॉइंटला आतून तडे जातात.

२५ वॅट का पुरले नाहीत

इथे थोडं गणित करावं लागेल. ते कळलं की आयर्नची जाहिरात वाचायची नजर बदलते.

तापमान-नियंत्रण नसलेला आयर्न रिकामा ठेवला की एका तापमानाला येऊन थांबतो. तो थांबतो, कारण आत येणारी सगळी वीज हवेत जाणाऱ्या उष्णतेत संपते. समजा २५ वॅटचा आयर्न ३८० अंशांवर स्थिरावला आणि खोली ३० अंशांची आहे. म्हणजे ३५० अंशांच्या फरकावर २५ वॅट हवेत जातायत. कामासाठी शिल्लक किती? शून्य. काम मिळतं ते बिट थंड होऊ लागल्यावरच. बिट २४० अंशांवर घसरला की हवेतली गळती साधारण १५ वॅटवर येते आणि उरलेले १० वॅट जॉइंटला मिळतात.

आता दुसरी बाजू. १२ गेजच्या वायरचं टोक भोवतालापेक्षा २०० अंशांनी गरम ठेवायचं आणि उष्णता जेमतेम तीन सेंटिमीटर आत पोचली आहे असं धरलं, तर तांबं एकटंच पावणेनऊ वॅट ओढून नेतं. शिवाय पितळी पिन आणि समोर जोडलेला दुसरा कनेक्टर असतो तो वेगळाच. म्हणजे २५ वॅटचा आयर्न सोल्डर वितळण्याच्या उंबरठ्यावर येऊन तिथेच रेंगाळतो. जॉइंट भरत नाही, पण उष्णता मात्र चाळीस सेकंद वायरमधून आणि पिनेतून पुढे जात राहते आणि नायलॉन मऊ करते.

संध्याकाळच्या १७ वॅटला हाच हिशेब लावला तर आयर्न रिकामा असतानाच २७० अंशांच्या आसपास थांबतो. पातळ वायर त्यावरही जोडता येते, आणि म्हणूनच शाळेपासून कधी शंका आली नाही. जाड वायर टेकली की खेळ संपला.

जास्त वॅट म्हणजे जास्त तापमान, ही समजूत इथे सोडून द्यावी लागते. सोल्डर दोन्ही कामांना तेच, लागणारं तापमानही जवळपास तेच. फरक एवढाच की जाड वायर टेकल्यावर तापमान पडू न देण्यासाठी हाताशी शिल्लक किती आहे, आणि ती शिल्लक बिटाच्या तोंडातून किती वेगाने बाहेर येते. यातला दुसरा भाग कुणाच्याच लक्षात आला नव्हता. तो पुढे नडला.

समोरचे पर्याय

जुनाच आयर्न, नवा बिट. खर्च शंभराच्या आत. वरच्या गणितानंतर हा पर्याय जाड वायरीपुरता बाद झाला.

१०० वॅटचा साधा आयर्न. जाड वायरीला हा उत्तम. मोठा तांब्याचा बिट उष्णता साठवून ठेवतो, आणि वायर टेकली की लगेच देतो. पण नियंत्रण नसल्याने रिकामा असताना तो फार तापतो. त्याने झिरो पीसीबीला हात लावला की तांब्याची चकती तळापासून सुटून येते. एका कामासाठी योग्य, दुसऱ्यासाठी घातक. दोन आयर्न बाळगायची तयारी असेल तर मात्र हा पर्याय वाटतो तितका वेडगळ नाही.

मुठीतच नियंत्रण असलेला ६० वॅटचा आयर्न. मुठीवर २०० ते ४५० अंशांची चकती, आत सिरॅमिक हीटर, आणि ९००एम जातीचे बदलता येणारे बिट. त्या वेळी ५५० रुपयांना मिळत होता. नियंत्रण खरं असेल तर रिकामा असताना तो पूर्ण वीज ओढत नाही आणि बाकीची राखून ठेवतो. संध्याकाळी १९० व्होल्टवर ६० चे ४१ वॅट झाले तरी काम भागतं.

९३६ पद्धतीचं स्टेशन. वेगळा ट्रान्सफॉर्मर, २४ व्होल्टचं हँडल. टेबलावर कायम ठेवायला छान. भाव दोन हजारांच्या आसपास, म्हणून वगळलं.

टी-१२ जातीच्या बिटाचे किंवा यूएसबी-सीवर चालणारे छोटे आयर्न. यांत हीटर आणि सेन्सर बिटाच्या आतच असतात, त्यामुळे वॅटला वॅट लावून पाहिलं तर हे सगळ्यांना मागे टाकतात. पण एक गणित विकणारे सांगत नाहीत. अशा बऱ्याच बिटांचा रोध ८ ओहमच्या आसपास असतो. १२ व्होल्ट दिले तर मिळतात १८ वॅट; लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर ४५; २४ व्होल्टवर ७२. आयर्न तोच, कुवत चौपट. विद्यार्थ्याने तो थेट सायकलच्या बॅटरीवर चालवायचा बेत केला होता. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज झाली की ४२ व्होल्ट देते, आणि या जातीचे बहुतेक आयर्न २४ व्होल्टच्या पुढे चालत नाहीत. पहिल्याच क्षणी तो जळाला असता. अ‍ॅडॉप्टर धरून खर्च तीन हजारांच्या पुढे जात होता, म्हणून हाही वगळला.

निर्णयाचा पहिला टप्पा: सहा स्क्वेअरची केबल यादीतून काढली

इन्व्हर्टरच्या केबलला सोल्डरिंग करायचंच नाही, हे आधी ठरलं, आणि या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त निर्णय तोच होता. विद्यार्थ्याने जुन्या केबलच्या टोकांना सोल्डर पाजून ती स्क्रूखाली आवळलेली होती. हे नेहमी दिसतं आणि नेहमी चुकीचं असतं. सोल्डर मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू सैल होतो, टोक तापतं. दुसरं म्हणजे सोल्डर जिथवर शोषलं गेलं तिथवर वायर काठीसारखी ताठ होते आणि हादऱ्याने बरोबर त्या सीमेवर तुटते.

टोकं कापून तांब्याचे लग (स्क्रूखाली बसणारी भोकाची टोकं) क्रिम्प करून, म्हणजे यंत्राने दाबून, घेतले. गावातल्या एका इलेक्ट्रिशियनकडे दाबयंत्र होतं. चार लगांचे त्याने ऐंशी रुपये घेतले. पक्कडीने किंवा हातोडीने चेपलेला लग म्हणजे क्रिम्प नव्हे.

ही केबल बाजूला पडल्यावर आयर्नला पेलायची सगळ्यात जाड वायर उरली ती ३.३ चौरस मिलिमीटरची. १०० वॅटची गरज तिथेच संपली.

दुसरा टप्पा: आयर्न घेतला, बिट विसरला

खरेदी पुण्यात तपकीर गल्लीत झाली. ६० वॅटचा मुठीत नियंत्रण असलेला आयर्न ठरला. दुकानदार म्हणाला, “साठ वॅटचा ने, सगळं होतं त्यात.” विद्यार्थ्याने विचारलं, “काका, याला ९००एमचेच बिट बसतात ना?” हा प्रश्न योग्य होता. दिसायला सारख्याच काही आयर्नना बारीक स्क्रूने आवळायचा भरीव बिट लागतो, आणि मग बदली बिट शोधत फिरावं लागतं. पण खोक्यात जो बिट आला, तोच घेऊन तो परतला. अशा खोक्यांत बहुतेक वेळा असतो तोच: सुईसारखा शंकू.

घरी सकाळी, चांगल्या व्होल्टेजवर, नव्या ६०/४० सोल्डरने, चकती ३८० वर ठेवून नव्या कनेक्टरच्या पहिल्या पिनेवर प्रयत्न झाला. पंचवीस सेकंदांनी सोल्डर कसंबसं ओघळलं. जुन्या आयर्नपेक्षा बरं, पण नायलॉन पुन्हा मऊ पडायला लागलं होतं. चकती ४५० वर नेली, तरी फरक नगण्य.

कारण साधं आहे. शंकूचं टोक गोल पिनेला टेकतं ते एका ठिपक्यात. मागे हीटर भट्टीसारखा तापलेला, पण त्या चिंचोळ्या मानेतून उष्णता पुढे येत नाही. सेन्सरही मागेच असल्याने त्याला वाटतं, सगळं ठीक आहे. इस्त्रीच्या टोकाने धोतर इस्त्री करायला बसल्यासारखा हा प्रकार. चकती वाढवल्याने शंकूचं टोक फक्त काळं पडलं.

आठ दिवसांनी दोन बिट मागवले: ३.२ मिलिमीटर रुंद छिन्नीसारखा आणि एक सुरीसारखा के बिट. दोन्ही मिळून १८० रुपये. त्याच आयर्नवर, त्याच ३८० अंशांवर, छिन्नी बिटाने पुढची पिन सात सेकंदांत भरली.

नवा बिट हीटरवर ढिला बसत असेल तर मात्र हा फायदा मिळत नाही. सिरॅमिक हीटर आणि बिटाची नळी यांच्यामध्ये हवेची पोकळी राहिली की उष्णता तिथेच अडते. बिट थंड असताना तो हीटरवर चढवून हलवून पाहावा. आत खुळखुळत असेल तर दुकानातच बदलून घ्यावा. आणि सिरॅमिक हीटर ठिसूळ असतो, त्यामुळे बिट काढायला आयर्न टेबलावर आपटू नये.

चकतीवरचे आकडे खरे आहेत का, हेही पाहिलं. चकती २०० वर ठेवून पाच मिनिटं थांबले. ६०/४० सोल्डर बिटावर वितळलं, पण आळसत. हे ठीक. मग ओल्या स्पंजवर बिट टेकवला. नियंत्रण खरं असेल तर मुठीवरचा दिवा लगेच पेटतो, कारण तापमान पडल्याचं आयर्नला कळतं. काही स्वस्त आयर्नमध्ये चकती म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरसारखी वीज कमी-जास्त करणारी असते. तिथे स्पंजने काहीच बदलत नाही. तो २५ वॅटच्या आयर्नचाच मोठा भाऊ समजावा.

कनेक्टर कसा बसवला

बॅटरी जिवंत असते, तिला बंद करता येत नाही. म्हणून बॅटरीच्या बाजूला एका वेळी एकच वायर उघडी ठेवली. दुसरीचं टोक कापलेल्या अवस्थेत टेपने गुंडाळून वेगळ्या दिशेला बांधलं. बॅटरीकडे मादी कनेक्टर, म्हणजे जिवंत पिना उघड्या राहत नाहीत. कनेक्टरवर अधिक-उणे कोरलेलं असतं. जोडण्याआधी ते मोठ्याने वाचून खात्री केली.

हीट श्रिंक नळी (तापवली की आक्रसून जॉइंट झाकणारी) वायरवर आधी चढवून मागे सरकवली. हे विसरणारा प्रत्येक जण एकदाच विसरतो, आणि मग जॉइंट पुन्हा उघडतो. पिनेच्या मागे वायर बसायला पोकळ वाटी असते, तिच्या खोलीइतकीच वायर सोलली. तारा पिळल्या, राळेचं फ्लक्स (तांबं स्वच्छ करून सोल्डर पसरू देणारा लेप) लावलं. नळकामाचं आम्लयुक्त पेस्ट नाही. ते तारांमध्ये शिरून महिन्या-दोन महिन्यांत हिरवट गंज आणतं.

छताचा पंखा बंद केला. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, पण वाऱ्याखाली आयर्नचे काही वॅट फुकट जातात.

समोरचा नर कनेक्टर आत घालून ठेवला. आतल्या पिना मऊ झालेल्या नायलॉनमध्ये कलू नयेत, यासाठी हा उपाय. पहिल्या वेळी नेमकं हेच केलं नव्हतं. त्याने थोडी उष्णता खाल्ली जाते, ती सोसायची. हा जोडीचा कनेक्टर कुठल्याही वायरला लावलेला नसावा, जुना बिनकामाचा असला तरी चालतो.

मग क्रम असा. बिटाच्या रुंद तोंडावर थोडं ताजं सोल्डर. ते तोंड वायरवर आडवं टेकवून वायरला सोल्डर पाजलं, तारांचे उंचवटे दिसत राहतील इतकंच. वाटी बाहेरून तापवून तिच्यात निम्म्यापर्यंत सोल्डर भरलं. ते पातळ असतानाच वायर आत बसवली, बिट वाटीच्या बाहेरच्या अंगाला टेकलेला. दोन सेकंदांत वायरवरचं आणि वाटीतलं सोल्डर एक झालेलं डोळ्यांनी दिसतं, एखादा पृष्ठभाग अचानक ओला व्हावा तसं. बिट काढला, हात हलू दिला नाही. एकूण वेळ सहा ते आठ सेकंद. दहा सेकंदांत जमलं नाही तर बिट काढून मिनिटभर थंड होऊ द्यायचं, धरून बसायचं नाही.

जाड वायरीला १८ गेजचं (ब्रिटिश, १.२ मिलिमीटर) सोल्डर हाताला येतं, पीसीबीला २२ गेजचं (०.७ मिलिमीटर). एकच घ्यायचं असेल तर २२ चं. जाड कामाला ते दोनपदरी पिळून वापरता येतं. शिसं आहे, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे आणि त्या टेबलावर चहाचा कप ठेवायचा नाही. धूर राळेचा असतो, तोही नाकात घेऊ नये. खिडकी उघडी असावी.

आणखी एक अडचण मधेच निघाली. जुन्या आयर्नच्या तापलेल्या बिटाला टेस्टर लावला, तर निऑन मंद पेटत होता. दोन पिनांचा प्लग, म्हणजे विजेच्या गळतीला जायला वाट नाही. नव्या आयर्नला तीन पिना होत्या, पण विद्यार्थ्याच्या खोलीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची वायरच नव्हती. ती ओढून घेतली. आयर्न थंड आणि प्लग काढलेला असताना बिट आणि प्लगची जाड पिन यांच्यामध्ये मीटर लावला, एक-दोन ओहम आले. ईएसपी-३२ लॅपटॉपला यूएसबीने जोडलेला असताना त्यावर आयर्न टेकवायचा नाही, हा नियम तरीही कायम राहिला.

निष्पत्ती

बल्बांची तीच चाचणी पुन्हा. ८० मिलिव्होल्टच्या जागी ५, तेही मधल्या दहा सेंटिमीटर वायरसकट. १४ अँपिअरवर कनेक्टरमध्ये आता पाव वॅटही जळत नाही. दोन महिन्यांनी चढ चढून आल्यावर हात लावला, तर कनेक्टर आणि वायर एकाच तापमानाचे.

पीसीबीचं कामही याच आयर्नवर आलं: चकती ३२० ते ३४०, तोच छिन्नी बिट कोपऱ्यावर धरून. शंकू डबीत पडून आहे. बारीक कामाला बारीक टोक लागतं असं वाटतं, पण आयसीच्या पायांनाही छिन्नीच सोयीची पडली.

खर्च असा: आयर्न ५५०, दोन बिट १८०, ६०/४० सोल्डर ५० ग्रॅम २२०, राळेचं फ्लक्स ४०, स्टँड १५०, पितळी काथ्या १२०, एक्सटी-६० च्या दोन जोड्या १६०. एकूण १,४२० रुपये. लगांचे ऐंशी धरले तर बरोबर १,५००.

एक बिघाडही झाला. महिनाभराने आयर्न ४५० वर चाळीस मिनिटं तसाच राहिला आणि बिट काळा पडला, सोल्डर त्यावरून मोत्यासारखं घरंगळायला लागलं. विद्यार्थी कानस घेऊन बसणार होता. जुन्या आयर्नच्या बिटाचं त्याने तेच केलं होतं, आणि तिथेच तो बिट मेला होता: वरचा लोखंडी मुलामा गेला की आतलं तांबं कथिलात विरघळत जातं आणि खड्डा पडतो. यावेळी पितळी काथ्या, फ्लक्स आणि भरपूर सोल्डर यांवर, ३०० अंशांवर पंधरा मिनिटं घासल्यावर बिट पुन्हा पांढरा झाला. कल्हईवाला नवसागर टाकून तांबं स्वच्छ करतो आणि त्याच झटक्यात कथील फिरवतो, मधे हवा लागू देत नाही, इथेही तसंच. काम संपलं की बिटावर सोल्डरचा जाड थेंब ठेवूनच आयर्न बंद करायचा.

वेगळं काय करता आलं असतं

बिट पहिल्याच फेरीत घ्यायला हवा होता. आठ दिवस आणि एक कनेक्टर वाया गेला, कारण सगळा विचार आयर्नच्या वॅटवर झाला आणि तोंडाच्या रुंदीवर झालाच नाही. बजेट आणखी तोकडं असतं, तर आयर्नमध्ये पैसे वाचवून बिट आणि सोल्डरमध्ये घालणं शहाणपणाचं ठरलं असतं.

बल्बांची चाचणी पहिल्या जोडणीनंतर लगेच करता आली असती. पाच मिनिटांचं काम होतं. जॉइंट डोळ्यांनी वाईट दिसत होताच, पण सायकल चालते म्हटल्यावर कुणी मोजलं नाही.

बजेट तीन-साडेतीन हजारांचं असतं तर टी-१२ स्टेशन घेणं जास्त बरं, यात वाद नाही. मुठीतल्या आयर्नची केबल ताठ असते, ती बारीक कामात हात ओढते. आठवड्यातून दोनदा काम करणाऱ्याला हे चालतं. रोज करणाऱ्याला चालणार नाही.

शेवटी, जुन्या २५ वॅटच्या आयर्नवर सगळा दोष टाकणं कितपत खरं होतं, हेही पाहिलं. त्याला नवा बिट घातला, ६०/४० सोल्डर घेतलं, सकाळचे २३० व्होल्ट आणि पंखा बंद. १२ गेजच्या तुकड्यावर बावीस सेकंद लागले आणि जॉइंट कडेला अर्धवटच ओला झाला. दीड स्क्वेअरच्या वायरवर मात्र तोच आयर्न चार सेकंदांत चकचकीत जॉइंट देत होता. आता तो दीड स्क्वेअरपर्यंतच्या वायरींसाठी, तीन पिनांचा प्लग लावून, दुसऱ्या स्टँडवर आहे.